माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेला टोपीवाल्या गायकाचा जुना प्रेस फोटो – कोण, कधीचा, आणि पावसाळ्यात टिकवायचा कसा?

मांडवी_वेंगुर्ला

मंडळी, जरा मदत हवीय. आमचे मोठे मामा बोटीवर होते, म्हणजे मालवाहू जहाजावर, सत्तर-ऐंशीच्या काळात, आणि दर खेपेला तिकडून काही ना काही घेऊन यायचे, कधी टेपरेकॉर्डर, कधी साबण-चॉकलेटं, आणि एलपी रेकॉर्ड्स तर ढिगाने. आता मामा नाहीत. यंदा पावसाच्या आधी घराची कौलं उतरवून दुरुस्ती काढली तेव्हा माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली आली, बऱ्याच रेकॉर्ड्सची कव्हरं कसरीने खाल्लीत, पण एका कव्हरच्या आत हा फोटो एकदम सरळ राहिलाय.

ब्लॅक अँड व्हाइट, चकचकीत कागद, ८ बाय १० इंच. एक माणूस गिटार घेऊन बसलाय, डोक्यावर रुंद काठाची फिकट टोपी, काळा चष्मा, भरघोस मिशी, गळ्यात बो. म्हणजे चेहऱ्याचं जे काही दिसतं ते नाक आणि मिशी, बास. खाली पांढरी पट्टी आहे, त्यावर लिऑन रेडबोन असं इंग्रजीत छापलंय आणि उजवीकडे वॉर्नर ब्रदर्सचा ढालीसारखा लोगो. पुढच्याच बाजूला कोणीतरी लाल रेघा मारून ठेवल्यात आणि टोपीच्या कडेने पांढरा रंग लावलाय असं वाटतं. मागे शिक्का आहे, आकडे आहेत, आणि वर्तमानपत्राचं एक छोटं कात्रण डकवलंय जे पार पिवळं पडलंय.

मामी म्हणते कोणीतरी आंधळा गवई असणार. मुलगा म्हणतो एआयने बनवलाय. (ट्रंकेत? १९९० पासून कुलूप असलेल्या?) शेजारचे एकजण म्हणाले अमेरिकेत असल्या फोटोंना लाखात भाव आहे, विकून टाका. मला विकायचाच आहे असं काही नाही, पण हा कोण, फोटो कधीचा, त्या लाल रेघा पुसाव्यात का, आणि मुख्य म्हणजे आता मृग लागतोय, आमच्याकडे पावसात कपाटातल्या चपलांनासुद्धा बुरशी येते, तर हा ठेवायचा कसा, एवढं सांगा.

---

जुनी_तबकडी

पहिल्यांदा मामांना सलाम. बोटीवरच्या माणसाने त्या काळात रेडबोन उचलून आणावा म्हणजे कानाचा माणूस असणार.

आंधळा नव्हता. चष्मा हा वेषाचा भाग. लिऑन रेडबोन म्हणजे असा गायक की जो १९७० च्या दशकात, सगळं जग इलेक्ट्रिक गिटारी बडवत असताना, शांतपणे खुर्चीत बसून १९१० ते ३० च्या काळातली गाणी म्हणायचा. जुना जॅझ, रॅगटाइम, ब्लूज, नाटकमंडळ्यांतली विनोदी गाणी. जेली रोल मॉर्टन, फॅट्स वॉलर, जिमी रॉजर्स, ब्लाइंड ब्लेक ह्यांच्या काळातला माल. आवाज खालचा, घोगरा, शब्द अर्धे मिशीतच राहायचे. मधेच तोंडाने ट्रॉम्बोन वाजवल्यासारखा आवाज काढायचा, शिट्टी वाजवायचा, आणि गिटार एकदम साफ, बोटांनी छेडून, अंगठ्याचा ठेका वेगळा आणि वरच्या तारांवरची चाल वेगळी. रोलिंग स्टोन मासिकात त्याच्यावर लेख आला तेव्हा त्याची रेकॉर्ड निघालेलीसुद्धा नव्हती, आणि त्यात लिहिलेलं की हा इतका अस्सल वाटतो की ७८ आरपीएमच्या तबकडीची खरखरसुद्धा ऐकू येते. हा लेख येण्यामागे बॉब डिलन. १९७२ च्या सुमारास कॅनडातल्या मारिपोसा फोक फेस्टिव्हलमध्ये त्याने ह्याला ऐकलं, आणि नंतर मुलाखतीत म्हणाला की माझी रेकॉर्ड कंपनी असती तर मी ह्याला घेतलं असतं.

पण तुमच्या फोटोच्या बाबतीत गंमत सांगायची तर ह्याच मारिपोसावाल्यांची. त्यांनी कार्यक्रम-पुस्तिकेसाठी ह्याच्याकडे फोटो आणि चार ओळींची माहिती मागितली. ह्याने फोटो पाठवला तो बॉब डिलनचा! आणि माहितीत लिहिलं की माझा जन्म १९१० चा, लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टचा, खरं नाव जेम्स होकम, आणि काळा चष्मा घालतो ते आंधळ्या ब्लेकला हाताला धरून दक्षिणेत फिरवायचो त्याची आठवण म्हणून. सगळी थाप. ब्लाइंड ब्लेक १९३४ लाच गेलेला.

खरं काय ते ऐंशीच्या दशकात टोरंटोच्या एका वर्तमानपत्राने शोधून काढलं. नाव डिक्रान गोबालियन, आर्मेनियन घराण्यातला, जन्म २६ ऑगस्ट १९४९, सायप्रसमधल्या निकोसियाचा. तिथून लंडन, मग साठच्या दशकात टोरंटो. म्हणजे ज्या अमेरिकन दक्षिणेची गाणी तो गायचा तिथे त्याचा जन्म नाही, बालपण नाही, काही नाही. तो स्वतः शेवटपर्यंत ह्यावर बोलला नाही. ३० मे २०१९ ला गेला, वय ६९, आणि त्याच्या वेबसाइटवर बातमी दिली त्यात वय लिहिलं १२७!

तर ताई, ह्या माणसाचा फोटो हातात आहे म्हणजे माणूस हातात आलाय असं समजू नका.

---

बांद्याचो_बाबल

ह्यो तर माका आमच्या दशावतारातलो संकासूर वाटता. रात्रभर देवळात नाचतलो, सगळ्यांका घाबरवतलो, आणि सकाळी एस्टीत बाजूक येवन बसलो तरी कोण वळखूचो नाय 😂

ताईनु, लाखाचा काय खरा नाय हां. शेजाऱ्याक सांगा, तूच घे पन्नास हजाराक. बघा कसो पळता तो.

---

खिळे_जुळारी

मी रत्नागिरीत एका वर्तमानपत्रात आधी ब्लॉकवर होतो आणि ऑफसेट आल्यावर कॅमेरा सेक्शनला, त्यामुळे असल्या फोटोंमध्ये आयुष्य गेलंय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

लाल रेघा अजिबात पुसू नका. पांढऱ्या रंगाला तर हातही लावू नका. ह्या दोन गोष्टींमुळेच हा फोटो नुसता जाहिरातीचा न राहता छापखान्यातून फिरून आलेला झालाय.

दोन प्रकार असतात. एक, कंपनीचा प्रसिद्धी फोटो. रेकॉर्ड काढली की कंपनी मूळ निगेटिव्हवरून एक कॉपी निगेटिव्ह करते, त्यात खाली नाव आणि लोगोची पट्टी बसवते, आणि शेकड्याने ८ बाय १० चे चकचकीत प्रिंट काढून वर्तमानपत्रं, रेडिओ, मासिकं सगळ्यांना फुकट वाटते. चकचकीत का, तर छापायला त्यावर काळं-पांढरं ठळक उठतं. दुसरा प्रकार म्हणजे वर्तमानपत्राच्या स्वतःच्या फोटोग्राफरने काढलेला, त्याला पट्टी नसते, मागे फोटोग्राफरचं नाव असतं. तुमचा पहिल्या प्रकारचा, पण कुठल्यातरी वर्तमानपत्राने वापरलेला.

वापरलाय कशावरून, तर लाल रेघा. ती मेणाची पेन्सिल असते, चकचकीत कागदावर साधी पेन्सिल उमटत नाही म्हणून. उपसंपादक रेघा मारून सांगायचा की एवढाच भाग घ्या, इथून डोकं, इथून गिटारचा गळा, बाकी कापा. आणि पांढरा रंग हा रिटचवाल्याचा. वर्तमानपत्राच्या कागदावर फोटो छापायचा तर ठिपक्यांची जाळी लावावी लागते, आपल्याकडे काय तिकडे काय, इंचाला ६५ ते ८५ रेघांची जाळी असायची, म्हणजे फार भरड. मासिकाला १३३, १५० चालते कारण कागद चांगला. भरड जाळीत काळा कोट आणि मागचा काळा पडदा एक होऊन जातो, नुसता काळा गोळा छापला जातो. म्हणून रिटचवाला बारीक कुंचल्याने कोटाच्या, टोपीच्या कडेने पांढरी किंवा करडी रेघ ओढायचा. हातात धरून बघितलं तर हास्यास्पद वाटतं, छापून आलं की एकदम सुटसुटीत. आमच्याकडे एक रिटचवाले होते ते पुढाऱ्यांच्या टक्कलावरची चमक असल्याच रंगाने कमी करायचे, पुढारी खूश.

तो रंग पाण्याचा असतो. ओलं फडकं फिरवलंत की गेला. म्हणून हात लावू नका म्हटलं.

आता तुम्ही मागची बाजू नीट वाचून सांगा. पुढून सगळे सारखेच असतात, शेकडो निघालेत. शिक्क्यावर तारीख आहे का, आकड्यांपुढे टक्क्याची खूण आहे का, कॉलम असं काही लिहिलंय का, आणि कात्रणात काय दिसतं. आणि रेकॉर्डचं कव्हर पण बघा. त्यावर सोनेरी अक्षरांत विक्रीसाठी नाही अशा अर्थाचा शिक्का आहे का, की कोपरा कापलाय?

---

शुभम_चिपळूण

सोपं आहे की, लॅमिनेशन करून टाका, कायमचं टेन्शन खल्लास. आमच्या बाबांचे सगळे जुने सर्टिफिकेट केलेत, एक नंबर राहिलेत. नाहीतर फेविकॉलने प्लायला चिकटवून फ्रेम.

---

सुकी_हवा_दापोली

शुभम दादा, सर्टिफिकेटचं ठीक आहे, पण फोटो लॅमिनेट करणं म्हणजे जिवंत पुरणं. गरम रोलरखालून गेला की वरचा जिलेटिनचा थर प्लास्टिकला चिकटतो तो परत कधीच सुटत नाही, आणि आत जो काही दमटपणा अडकलाय तो तिथेच बसून पाच-सात वर्षांत पिवळे डाग पाडतो. फेविकॉलचं तर नावच काढू नका.

माझा स्टुडिओ आहे, त्यामुळे पावसाळा आणि फोटो ह्यांचं वैर रोज बघतो. ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे जिलेटिनमध्ये बसलेले चांदीचे बारीक कण. जिलेटिन हे बुरशीचं जेवण आहे, सरळ सांगायचं तर. हवेतला दमटपणा ६५-७० टक्क्यांच्या वर गेला की बुरशी धरायला लागते, आणि आपल्याकडे जुलैत तो ८५-९० च्या खाली उतरायचं नाव घेत नाही. संग्रहालयवाले ३० ते ५० टक्के ठेवा म्हणतात, ते कोकणात एसी अखंड चालू ठेवल्याशिवाय होत नाही, आणि वीजबिल कोण भरणार आणि लाइट असते कुठे.

मग आपण काय करायचं. ट्रंकेतून आत्ता बाहेर काढलाय ना, तर लगेच प्लास्टिकच्या डब्यात बंद करू नका. आत्ताची हवा आत कोंडली की झालं. घरात जी सगळ्यात कोरडी खोली आहे, म्हणजे बहुतेक चुलीला लागून असलेली किंवा जिथे फ्रिज दिवसरात्र चालू असतो ती, तिथे भिंतीपासून लांब, जमिनीपासून वर, कागदी पाकिटात ठेवा. पाकीट अ‍ॅसिड-फ्री कागदाचं मिळालं तर उत्तम, मुंबई-पुण्यात चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतं, ऑनलाइन पण येतं. प्लास्टिकचं पाकीट आपल्या हवेत नको, दमट झालं की चकचकीत बाजू प्लास्टिकला चिकटते. आणि ते चिकट पानांचे अल्बम, वरून पारदर्शक कागद ओढायचा तसले, त्यांनी जेवढे फोटो मारलेत तेवढे वाळवीने मारले नसतील.

पाऊस संपला, डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी पडली की एका दिवशी दुपारी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेल. निळी वापरू नका, त्यात कोबाल्ट असतं, नारिंगी मिळते ती घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये १०० ते १२० डिग्रीवर तापवून परत वापरता येते, पण घरातल्या जेवणाच्या तव्यावर नको. मग तो डबा पुढच्या पावसात उगाच उघडायचा नाही. लोक हे उलटं करतात, जूनमध्ये घाबरून पॅक करतात आणि दिवाळीला उघडून रडतात.

भिंतीवर लावायचाच असेल तर स्कॅन करून कॉपी लावा. स्कॅन ६०० डीपीआयला, म्हणजे ८ बाय १० ची फाइल ४८०० बाय ६००० पिक्सेलची होते, भरपूर झाली. मागची बाजूही स्कॅन करा, कलरमध्येच करा, लाल रेघा आणि शिक्क्याचा रंग त्याशिवाय कळणार नाही. मूळ फोटो फ्रेम केलात तर काच आणि फोटो ह्यांच्यात माउंटची जाडी हवी, नाहीतर दमटपणात फोटो काचेला बसतो. आमच्याकडे असे काचेला बसलेले आजोबा-आजी घेऊन लोक येतात, सोडवून द्या म्हणतात, आणि बहुतेक वेळा काचेसकट स्कॅन करून देण्यापलीकडे काही करता येत नाही. २०२१ च्या पुरानंतर चिपळूणहून तर पोती भरून अल्बम आले होते. (शुभम दादा, तुम्हाला माहितीच असेल.)

कागद कुठला आहे तेही बघून ठेवा. मागची बाजू प्लास्टिकसारखी गुळगुळीत लागते का साध्या कागदासारखी? प्लास्टिकसारखी असेल तर आरसी पेपर, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेला कागद, सत्तरच्या दशकात तोच सगळीकडे यायला लागला, तो वळत नाही, सरळ राहतो.

---

शुभम_चिपळूण

पुराचं माहिती आहे हो. आमचे पण गेले. बरं लॅमिनेशन कॅन्सल 🙏

---

तानपुरा_आणि_चहा

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. यूट्यूबवर ऐकला हा माणूस आत्ता अर्धा तास. छान आहे, पण मला प्रश्न पडतो की ह्यात त्याचं स्वतःचं काय? गाणी दुसऱ्यांची, तीही गरीब काळ्या गवयांची ज्यांना त्या काळी धड पैसे मिळाले नाहीत. वेष दुसऱ्याचा, नाव बनावट, जन्मगाव बनावट. आणि हा सायप्रसचा मनुष्य टीव्हीवर बसून ते विकतो. आपल्याकडे कोणी असं केलं असतं तर म्हटलं असतं की नक्कल आहे.

---

जुनी_तबकडी

प्रश्न रास्त आहे आणि तिकडेही लोकांनी विचारलाय. पैशाचं म्हणाल तर तो अन्याय खरा आहे आणि तो रेडबोनच्या कितीतरी आधी झाला, ब्लाइंड ब्लेकसारख्यांच्या हयातीतच. पण नक्कल म्हणाल तर नाही पटत. नक्कल करणारा मूळ माणसाच्या जागा जशाच्या तशा घेतो. हा ब्लाइंड ब्लेकची चाल घेतो आणि लय निम्म्यावर आणतो, जणू दुपारी जेवून पडवीत पडलाय. मूळ रेकॉर्ड १९२० च्या दशकातली, ती आणि ह्याची, दोन्ही पाठोपाठ ऐका. ब्लेक पळतोय आणि हा आरामात चाललाय, पण एकही सूर गाळलेला नाही. ते करायला हात तयार लागतो.

शिवाय त्याने कधी आपल्या नावावर जुनी गाणी खपवली नाहीत. उलट त्याच्यामुळे माझ्यासारख्याने मूळ माणसं शोधली. मला तरी एमेट मिलर, ली मोर्स ही जुन्या गायकांची नावं ह्याच्याचमुळे कळली.

बनावट नावाचं मात्र माझं मत असं की तो गाण्याच्या मधे स्वतःला येऊ देत नव्हता. मुलाखत घेणारे विचारायचे जन्म कुठला, तर तो उत्तर द्यायचं टाळायचा किंवा काहीतरी फेकायचा. म्हणून तर प्रेस फोटो सगळे एकसारखे. टोपी, चष्मा, मिशी. वीस वर्षांच्या अंतराने काढलेले दोन ठेवले तरी पटकन फरक सांगता येत नाही. चेहऱ्यावरून तारीख ठरवायचा नादच करू नका, पट्टीवरून ठरवा.

पट्टीवर वॉर्नर आहे ना, मग सोपं आहे. वॉर्नरने त्याच्या तीन रेकॉर्ड्स काढल्या, १९७५, १९७७ आणि १९७८. पुढची १९८१ ची दुसऱ्या कंपनीची आहे. म्हणजे हा फोटो ७५ ते ७८ मधलाच. तुमच्याकडे रेकॉर्ड कुठली आहे? कव्हरवर टोपी-काठीवाला नाचरा बेडूक असेल तर ती पहिली, तो बेडूक कार्टूनवाल्या चक जोन्सचा आहे.

---

पेटीवाले_सावंतवाडी

विषय निघालाच आहे म्हणून. आपल्याकडे जॅझ म्हटलं की लोकांना वाटतं कुठलंतरी लांबचं काहीतरी. अहो, मुंबईतल्या हॉटेलांमध्ये जॅझ वाजवणारे निम्म्याहून जास्त आपल्याच किनाऱ्यावरचे, गोव्यातले. ताजमध्ये १९३० च्या दशकात अमेरिकन काळे वादक येऊन राहिले, लिऑन अ‍ॅबीचा बँड १९३५ ला आला, मग पियानोवाला टेडी वेदरफर्ड, जो पुढे १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. ह्यांच्याकडून ऐकून आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून आपली पोरं शिकली. चर्चमध्ये नोटेशन लहानपणीच शिकलेली, त्यामुळे कागद समोर ठेवला की वाजवतात.

त्यात चिक चॉकलेट, मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचा, ट्रंपेट वाजवायचा, लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आपल्या सी. रामचंद्र ऊर्फ अण्णांनी त्याला हाताशी धरून हिंदी सिनेमात काय काय करून घेतलं ते १९५१ च्या अलबेलामध्ये ऐका, तो आणि त्याचा बँड पडद्यावरही दिसतात. सगळ्या मराठी घरांनी भगवानदादांचा नाच बघितलाय, मागे ट्रंपेट कोण वाजवतोय ते कोणी बघितलं नाही.

सांगायचा मुद्दा हा की सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, सगळीकडच्या ख्रिस्ती घरांतून असे बँडवाल्यांचे फोटो पडलेत. कोट-टाय घातलेले सात-आठ जण, पुढे ड्रमवर बँडचं नाव. मागे काहीच लिहिलेलं नसतं आणि आजी गेल्या की नावं सांगणारं कोणी राहत नाही. अमेरिकेतल्या पेपरवाल्याने एका प्रसिद्धीच्या फोटोच्या मागे इतकं काही लिहून ठेवलं, आपल्याकडे घरच्या माणसाच्या फोटोमागे चार अक्षरं नाहीत. मऊ पेन्सिलने लिहा हो, कडेला, हलक्या हाताने. बॉलपेन नको, त्याची खूण पुढे उमटते.

---

मांडवी_वेंगुर्ला

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. आज लाइट गेली होती म्हणून भिंग आणि टॉर्च घेऊन बसले मागची बाजू वाचायला, मुलगा फोटो काढत होता आणि मामी शेजारी बसून तो आंधळा नाही हे ऐकून जरा नाराज झाली.

रेकॉर्ड १९७७ ची आहे, बेडूक नाही. कव्हरवर वरच्या कोपऱ्यात सोनेरी अक्षरांत शिक्का आहे, विक्रीसाठी नाही, प्रमोशनसाठी असं. कोपरा कापलेला नाही. आतल्या रेकॉर्डचं लेबल पांढरं आहे, मामांच्या बाकीच्या वॉर्नरच्या रेकॉर्डवर झाडांचं रंगीत चित्र आहे तसं नाही.

फोटोच्या मागे: तारखेचा निळा शिक्का, महिना पुसट आहे पण साल १९७७ स्पष्ट. त्याच्याखाली मेणाच्या पेन्सिलने २ कॉलम आणि त्याच्या बाजूला ६२ टक्के असं. एक मोठा आकडा गोल करून. कात्रणात फोटो छापलेला नाही, फक्त ओळ आहे, गायकाचं नाव आणि शनिवारी रात्री कार्यक्रम आहे एवढं वाचता येतं, पुढचं फाटलंय. कागद मागून गुळगुळीत, प्लास्टिकसारखा लागतो. कात्रणाच्या गोंदाचा डाग पुढच्या बाजूला अजून आलेला नाही.

कात्रण काढून टाकू का? आणि खरी किंमत काय असेल ते कोणीतरी एकदा सांगा, शेजारी रोज विचारतात. शिवाय तालुक्याच्या वाचनालयात मामांच्या रेकॉर्ड्सचं छोटं प्रदर्शन लावायचं चाललंय, त्यात ह्याची कॉपी लावली आणि फेसबुकला टाकली तर चालेल ना?

---

बांद्याचो_बाबल

शेजाऱ्याक पन्नास हजाराचा इचारलास काय?

---

खिळे_जुळारी

वा, एकदम नीट वाचलंत. आता जुळतंय.

६२ टक्के म्हणजे मूळ फोटो किती लहान करायचा ते कॅमेरावाल्याला सांगितलंय, दोन कॉलमात बसवायला. गोल केलेला आकडा बहुतेक पानाचा किंवा कामाचा नंबर. कात्रण म्हणजे फोटोखाली छापलेली ओळ, फोटो फायलीत परत ठेवताना ग्रंथपाल ती कापून मागे डकवायचा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी काढला तर आधी कधी आणि काय म्हणून वापरला ते कळावं. आमच्याकडेही हेच, फक्त आमच्याकडे खळ लावायचे आणि मग झुरळं ते खायची.

पांढरं लेबल आणि सोनेरी शिक्का म्हणजे ती रेकॉर्ड परीक्षणासाठी फुकट पाठवलेली. एका पाकिटात रेकॉर्ड, फोटो आणि माहितीचा कागद असं यायचं. पेपरने फोटो वापरला, गाव-शहरातला कार्यक्रम होऊन गेला, आणि पुढे कधीतरी कोणीतरी रेकॉर्ड फोटोसकट जुन्या रेकॉर्डच्या दुकानात दिली, मामांनी बंदरावर उतरून तिथून घेतली, असं मला दिसतं. नाहीतर बाजारात येणारे असले फोटो बहुतेक गेल्या वीसेक वर्षांत बाहेर पडलेत, तिकडच्या पेपरांनी सगळं कॉम्प्युटरवर चढवून जुन्या फायली ठोक भावात विकल्या, मग व्यापाऱ्यांनी एकेक करून ऑनलाइन लावल्या. तुमचा त्याच्या आधीच सुटून आलाय. म्हणून रेकॉर्ड आणि फोटो वेगळे करून विकू नका, विकायचेच झाले तर.

किंमत: असले प्रसिद्धी फोटो मी दहा ते तीस डॉलरला लावलेले बघतो, विकले जातात की नाही देव जाणे. इथून पाठवायचा टपालखर्चच तेवढा होईल. शेजाऱ्यांना सांगा, लाखाचा फोटो म्हणजे ज्याची निगेटिव्ह एकच आणि फोटोग्राफर नावाजलेला, प्रिंट त्याने स्वतः काढलेला. हा शेकड्यातला एक आहे.

कात्रण काढू नका, सोलताना मागचा थर निघून येईल. फक्त रेकॉर्डच्या कव्हरला ते टेकू देऊ नका, मधे दापोलीकरांनी सांगितला तसला अ‍ॅसिड-फ्री कागद घाला, वर्तमानपत्राच्या कागदात अ‍ॅसिड असतं ते शेजारच्याला पण पिवळं करतं. फोटो परत कव्हरच्या आत नको, रेकॉर्डचं कव्हर उभं ठेवा आणि फोटो आडवा, वेगळ्या पाकिटात. पाकिटावर लिहून ठेवा की ह्या रेकॉर्डमधला.

कॉपी लावण्याबद्दल: फोटो तुमचा म्हणून छापायचे हक्क तुमचे, असं नसतं, हे सगळीकडेच. पण अमेरिकेत १९७८ च्या आधी प्रसिद्ध झालेल्या फोटोवर हक्काची खूण, म्हणजे गोलातलं सी अक्षर आणि साल-नाव, छापलेलं नसेल तर तिथल्या कायद्याने तो सहसा मोकळा धरतात. तुमच्या पट्टीवर नावाच्या खाली किंवा अगदी कडेला बारीक टाइपात असं काही आहे का ते भिंगाने बघा. वाचनालयाच्या प्रदर्शनाला मला तरी काही अडचण दिसत नाही. फेसबुकला टाकताना पुढची आणि मागची, दोन्ही टाका. पुढची लोकांना नेटवर शंभर ठिकाणी सापडेल, मागची तुमच्याशिवाय कोणाकडे नाही.

---

मांडवी_वेंगुर्ला

बघितलं. पट्टीवर नाव, लोगो आणि कंपनीचं गाव, बास, सी अक्षर कुठेच नाही. दापोलीकर, नारिंगी सिलिका मागवलीय, पण डबा डिसेंबरशिवाय बंद करणार नाही. तोवर फोटो फ्रिजच्या वरच्या फडताळात, कागदी पाकिटात.

पेटीवाले, तुमच्या पोस्टनंतर मामी उठली आणि आतून त्यांच्या लग्नाच्या वरातीतल्या बँडचा फोटो घेऊन आली, वेंगुर्ल्याचाच बँड, सहाजण. चौघांची नावं तिला आठवतात, क्लॅरिनेटवाला आणि मोठा ढोलवाला राहिलेत. स्कॅन झाला की इथे टाकते, कॅम्पातलं किंवा दाभोसवाड्यातलं कोणी असेल तर ओळखा.